नवशिक्याला हसणारं पुस्तक

नायगावात राहून फ्लाय फिशिंग शिकणं हा हास्यास्पद उद्योग आहे. मी रविवारी सकाळी फाइव्ह गार्डन्समध्ये जातो, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधतो आणि गवतावर दोरी फेकतो. फिरायला आलेले आजोबा थांबून विचारतात, "काय पकडताय?"

नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढत नेतं. इथे उलटं आहे. गळावर पिसं-दोरे गुंडाळून केलेल्या माशीला वजन जवळजवळ नसतंच. फेकायची असते ती जाड दोरी, माशी तिच्यामागून जाते. दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच हात पुढे आणायचा. मला ते थांबणं जमत नाही. दोरी माझ्याच कानाला गुंडाळते.

ही विद्या शिकणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी नॉर्मन मॅक्लीनचं 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' वाचायला सांगतंच. मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतर लिहिलेलं हे पुस्तक 1976 साली आलं, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. 1992 साली रॉबर्ट रेडफर्डने त्यावर सिनेमा केला. मोंटानातल्या ब्लॅकफूट नदीवर मासे धरणारे दोन भाऊ, त्यांचे धर्मोपदेशक वडील आणि धाकट्या पॉलचा शेवट, अशी ही गोष्ट. पॉल असामान्य मासेमार आहे. तो दारूत आणि जुगारात बुडतो आणि मारला जातो. आपल्या माणसाला मदत का करता येत नाही, हा पुस्तकाचा प्रश्न. त्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे.

मी मात्र हे पुस्तक नीलच्या बाजूने वाचलं. नील हा निवेदकाचा मेहुणा. सासूबाईंच्या आग्रहाखातर दोघे भाऊ त्याला नदीवर नेतात. तो कॉफीच्या लाल डब्यात गांडुळं घेऊन येतो आणि तिथेच त्याची किंमत ठरते. पुढे तो दारू पिऊन वाळूत उघडा पडतो, उन्हाने भाजतो, आणि पुस्तक त्याला यथेच्छ हसतं. नील खोटारडा आणि आळशी आहे, हे खरं. पण त्याचा पहिला गुन्हा गांडुळं हाच आहे. ज्याला येत नाही त्याने मासा धरून माशाचा अपमान करू नये, असं या घरातल्या वडिलांचं मत. मुलांना ते मेट्रोनोम लावून, चार मात्रांत दोरी फेकायला शिकवतात.

माझे आजोबा गिरणीत होते. मे महिन्यात मालवणकडे गावी गेले की खाडीवर गरवायला बसायचे. शेजारी जो बसेल त्याच्या हातात गरी द्यायचे, आमिष स्वतः लावून. मासा लागला तर कालवण, नाही तर पिठलं. तिथे कुणाचा अपमान होत नसे, माशाचाही.

मला वाटतं, पुस्तकाच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर नीलच्या त्या डब्यात आहे. मदत घ्यायची तर 'मला हे येत नाही' असं म्हणावं लागतं. ज्या घरात न येणाऱ्याला हसतात, तिथे सगळ्यात चांगलं येणारा माणूस ते वाक्य कधीच उच्चारणार नाही. भाऊ पॉलला मदत म्हणून काय देतो? मासेमारीला नेतो. म्हणजे जिथे पॉलला कुणाच्याच मदतीची गरज नाही, नेमकं तिथे.

हे मी ओळखतो. आमच्या चाळीत माझा चुलतभाऊ कॅरमचा राजा होता. त्याची दारू वाढली तेव्हा काकू मला म्हणायची, "तू जा रे, तुझं ऐकेल." मी जायचो आणि बोर्ड मांडायचो. तो जिंकायचा. दोघांनाही बरं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आम्ही कधी दुसऱ्या कशाबद्दल बोललोच नाही.

शेवटी मॅक्लीनचे वडील-मुलगा मान्य करतात की मदत म्हणून नेमकं काय द्यावं ते कळत नाही, आणि दिलेलं समोरच्याला नको असतं; पूर्ण न समजताही माणसावर पूर्ण प्रेम करता येतं. हे खरं आहे, पण मला ते थोडं लवकर केलेलं समाधान वाटतं. नीलवरच्या हसण्याचा हिशोब त्यात येत नाही. म्हातारा झालेला निवेदक मोठ्या पाण्यावर एकटाच जातो, तसं करू नये असं काही मित्रांना वाटत असूनही. म्हणजे मदत न घेण्याची घरची रीत त्यानेही सोडलेली नाही. लेखकाला हे दिसलं होतं की नाही, याबद्दल माझं मत प्रत्येक वाचनात बदलतं. म्हणूनच पुस्तक टिकलं आहे.

गेल्या रविवारी त्या आजोबांनी "बघू जरा" म्हणून रॉड मागितला. दोरी त्यांच्या टोपीत अडकली. आधी ते हसले, मग मी. मग मागे किती थांबायचं ते मी त्यांना सांगू लागलो, मला स्वतःला जमत नसताना.