हंटिंग्टन यांची यादी आणि बौद्ध धम्म

सॅम्युएल हंटिंग्टन यांचा ‘द क्लॅश ऑफ सिव्हिलायझेशन्स’ हा ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. महासत्तांची विचारप्रणालींची स्पर्धा संपून यापुढील संघर्ष संस्कृतिसमूहांत होतील, हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य होय. मोठ्या संस्कृतींच्या मुळाशी बहुधा धर्म असतो, असे मानणारे लेखक बौद्ध धम्माचा मात्र अपवाद करतात. श्रीलंका, म्यानमार, थायलंड येथील थेरवादी समाज त्यांच्या दृष्टीआड नाहीत. परंतु धम्म भारतातून जवळजवळ लुप्त झाला आणि चीन-जपानात तेथील संस्कृतीत सामावला गेला. म्हणून तो मोठ्या संस्कृतीचा पाया ठरला नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

आमचा आक्षेप या मोजमापाला आहे. बुद्धवचन छंदस् मध्ये घालण्याची दोन भिक्षूंची विनंती बुद्धांनी अमान्य केली व ते ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा दिली, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. बुद्धघोषाचार्य या पदांचा अर्थ बुद्धांची मागधी भाषा असा घेतात. अनेक आधुनिक अभ्यासक ‘आपापली भाषा’ असा घेतात. पाठाचा वाद काहीही असो, प्रसाराचा इतिहास दुसऱ्या अर्थाला अनुसरूनच घडला. इ. स. ४०१ मध्ये चांगआनला पोहोचलेल्या कुमारजीवांनी अनेक सूत्रे चिनी भाषेत आणली. त्यांनी अनुवादिलेल्या वज्रच्छेदिकेची इ. स. ८६८ मधील छापील प्रत आजही उपलब्ध आहे. तेव्हा परक्या भाषेत सामावणे हा धम्माचा पराभव नव्हे. ती त्याच्या प्रसाराची रीत होती.

मग या यादीत बौद्धांनाही मोठे स्थान मिळावे, अशी मागणी आपण करावी काय? आमच्या मते करू नये. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या उद्ध्वस्त केली, तेव्हा दोन्ही राज्ये थेरवादीच होती. श्रीलंकेतील १९८३ ते २००९ या काळातील यादवीत काही भिक्षूंनीही धम्मरक्षणाच्या नावाने युद्धाचे समर्थन केले. धर्म हा एक गट आणि त्याभोवती सीमा, ही कल्पना स्वीकारली की शत्रूचा शोध ओघानेच येतो. हंटिंग्टन यांचा ग्रंथ अभ्यासकांनी अवश्य वाचावा. मात्र त्यांच्या यादीत स्थान मिळवण्याचा मोह टाळावा.