कुलवृत्तांताचा साचा आणि आपल्या वंशावळी

कुलवृत्तांत हा मराठीतला एक स्वतंत्र ग्रंथप्रकार आहे. समीक्षक त्याच्याकडे सहसा वळत नाहीत, पण जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संदर्भ विभागात हे जाडजूड खंड हमखास सापडतात. त्यांतले बरेचसे चित्पावन घराण्यांचे. गोत्र, मूळ गाव, मूळपुरुष, कुलदैवत, शाखा-उपशाखा आणि मग एकेका व्यक्तीचा जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, असा त्यांचा साचा ठरलेला. या ग्रंथांमागचे कष्ट मी नाकारीत नाही. एखाद्या समाजगटाने आपली माहिती चिकाटीने जमवून छापली, यात गैर काही नाही. प्रश्न असा आहे की, हाच साचा सर्वांच्या कुटुंबेतिहासाचा साचा म्हणून वापरला जातो तेव्हा काय होते?

आमच्या तालुक्याच्या गावी एका अनुदानित ग्रंथालयाने विद्यार्थ्यांसाठी 'आपल्या घराण्याचा इतिहास' असा उपक्रम घेतला. हेतू चांगला होता. मुलांना एक छापील तक्ता देण्यात आला. माझ्या वर्गातील एका बौद्ध मुलीने तो भरून मला दाखवला. गोत्राच्या रकान्यात रेघ. कुलदैवताच्या रकान्यातही रेघ, कारण १९५६ च्या धर्मांतरानंतर तिच्या घरातला देव्हारा गेला. मूळपुरुष म्हणून खापरपणजोबांचे नुसते नाव, त्यापलीकडे काही नाही. तो तक्ता पाहून कोणीही म्हणेल की या घराला इतिहास नाही. वस्तुतः या घराने गाव का सोडले, कोणते काम केले, शाळेत प्रथम कोण गेले, हे विचारणारा एकही रकाना त्यात नव्हता.

आपले पूर्वज कागदावर आले ते बहुधा दुसऱ्याच्या कामाच्या निमित्ताने, हे ध्यानात घेतले पाहिजे. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' या पदाने संपणारी नावे कोरली गेली, कारण ती माणसे १८१८ च्या त्या लढाईत कंपनीचे शिपाई होती. महार वतनाच्या दप्तरात नावे आली, कारण सरकारला आणि गावाला राबणारे हात हवे होते. ज्या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, जे पुढे १९५८ च्या कायद्याने गेले, त्याच गुलामीच्या कागदांत आज आपल्याला आपला पणजा शोधावा लागतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कथा याहून कठोर आहे. १८५० आणि १८६० च्या तेथील जनगणनेत गुलामांची वेगळी यादी झाली. तीत मालकाचे नाव आहे. गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण आहे, पण नाव जवळपास कोठेच नाही. मुक्त झालेल्या बहुसंख्यांची नावे १८७० साली प्रथम जनगणनेत आली. तरीही न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९२६ साली आर्तुरो शोम्बर्ग यांचा संग्रह हार्लेमच्या शाखेत आणला आणि त्यातून कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे एक मोठे केंद्र उभे राहिले. सार्वजनिक ग्रंथालय हे करू शकते.

आपल्याकडे वंशावळी लिहिल्या जात नाहीत असे नाही. त्या लिहिल्या जातात जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. मग आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, जुने खरेदीखत यांचा शोध सुरू होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, म्हणून भावकीच्या वंशावळी मांडण्याचे काम माझ्याकडेच आले. या कामात एक गोष्ट सतत खटकते. पुरावा पित्याकडील नात्याचा लागतो, म्हणून माझी आजी या वंशावळीत कोठेच नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून तिने चार मुले जगवली. कुलवृत्तांतात सून निदान माहेरच्या नावासह नोंदली जाते. आमच्या वंशावळीत तीही सोय नाही. आणि प्रमाणपत्र हाती आले की ती वंशावळ पत्र्याच्या पेटीत जाते.

आपल्या वाङ्मयाने मात्र हा साचा कधीच मोडला आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) एका व्यक्तीबरोबर सबंध वस्तीचा वृत्तांत सांगतात. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) तर बापाच्या नावावर उभ्या असलेल्या कुळाच्या कल्पनेलाच जाब विचारते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) सिद्ध केले. ग्रंथालयाने घ्यावयाच्या उपक्रमाचा याहून चांगला नमुना कोणता?

म्हणून माझे म्हणणे असे की, आपणही एखादा पराक्रमी मूळपुरुष शोधून आपला कुलवृत्तांत छापावा, या मोहात कार्यकर्त्यांनी पडू नये. तो त्यांचाच साचा होईल. आपल्या नोंदीचे एकक वस्ती असावे. तीत कामाचा, स्थलांतराचा, शिक्षणाचा आणि स्त्रियांचा रकाना आधी यावा. ग्रंथालयांकडे मागण्याही नेमक्या कराव्यात. वतनाची कागदपत्रे वाचण्यासाठी मोडीचे वर्ग घ्यावेत. वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात. पेटीतल्या कागदांची प्रत घरच्यांच्या संमतीने काढून मूळ कागद घरीच ठेवावा. हे अशक्य नाही. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडीचे जाणकार बोलावण्यात आले आणि सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. शासनाने मनावर घेतले की दप्तरे उघडतात.

१९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली ग्रंथालये सार्वजनिक पैशावर चालतात. त्या पैशात खडी फोडणाऱ्यांचाही वाटा आहे. तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींना तेथे जागा मागणे ही याचना नाही. मात्र घाई केली पाहिजे. वतनाचे दिवस पाहिलेली माणसे आता प्रत्येक वस्तीत बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.