पेशींचा ‘डिंक’ : एका उपमेची तपासणी

पेशीचा पाठ शिकविताना फळ्यावर विटांची भिंत काढली नाही, असा शिक्षक विरळाच. शरीर ही इमारत आणि पेशी ही तिची वीट. मग एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, “सर, या विटांचं सिमेंट कोणतं?” प्रश्न उत्तम असतो, पण उत्तर बहुधा एका वाक्यात उरकले जाते : पेशींना चिकटवून ठेवणारी प्रथिने असतात, ती डिंकासारखे काम करतात. विज्ञानविषयक लेखांतूनही हा डिंक सर्रास आढळतो. आम्हीही तो वापरला आहे, म्हणूनच त्याची झाडाझडती घेणे आम्हांस भाग आहे.

तपासणीसाठी एकच प्रथिन घेऊ : ई-कॅडहेरिन. त्वचा, जठर, आतडे, स्तनातील दुग्धनलिका अशा ठिकाणच्या अभिस्तर ऊतींमध्ये ते असते. डिंक दोन वस्तूंच्या मधल्या फटीत असतो. हे प्रथिन मात्र पेशीपटलातून आरपार गेलेले असते. त्याचा बाहेरचा भाग शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला पकडतो. आतले टोक कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या अंतर्गत सांगाड्यातील ॲक्टिन तंतूंना बांधलेले असते. म्हणजे हा लेप नसून दोन्ही बाजूंनी पुढे आलेले हात आहेत, आणि हाताला मागे खांदाही आहे. शेजाऱ्याने ओढले तर ताण थेट पेशीच्या आत पोचतो. एकेक पकड तशी दुबळी असते. बळ येते ते असंख्य पकडी एकत्र आल्यामुळे.

या पकडीला कॅल्शियम लागते, आणि ही गोष्ट कशी कळली ते वर्गात सांगण्यासारखे आहे. मासातोशी ताकेइची हे जपानी संशोधक क्योटोमध्ये ट्रिप्सिन या विकराने पेशी सुट्या करीत, तेव्हा त्या पुन्हा झटपट एकत्र येत. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे त्यांनी तोच प्रयोग केला, तर पेशी एकत्र येईनात! शोध घेता कारण सापडले. बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए हे कॅल्शियम धरून ठेवणारे रसायन घातलेले होते. क्योटोच्या द्रावणात ते नव्हते. कॅल्शियम जवळ असेल तर हे प्रथिन ताठ राहते आणि ट्रिप्सिनला दाद देत नाही. कॅल्शियम काढून घेतले की विकर त्याचे तुकडे करते. १९७७ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि पुढे १९८४ मध्ये ‘कॅडहेरिन’ हे नाव आले. फसलेल्या प्रयोगाची वही फेकून न देण्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस चटकन आठवत नाही.

डिंक निवडही करीत नाही. कागद, लाकूड, बोट सारे त्याला सारखेच. पेशी मात्र निवड करतात. टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी १९५५ साली उभयचर प्राण्यांच्या भ्रूणातील त्वचेच्या व चेतासंस्थेच्या भावी पेशी सुट्या करून एकमेकींत मिसळल्या. काही काळाने त्या आपापल्या गटांत वेगळ्या झाल्या : त्वचेच्या बाहेर, चेतासंस्थेच्या आत. वेगवेगळ्या ऊतींतील पेशींवर वेगवेगळी कॅडहेरिने असतात, हा या निवडीचा एक भाग आहे, हे पुढे उलगडले.

इथवर उपमेचा दोष केवळ अपुरेपणाचा आहे. आजाराच्या संदर्भात ती चुकीच्या निष्कर्षाला नेते. ‘डिंक सुटला, पेशी सुट्या झाल्या, कर्करोग पसरला’, हे वाक्य आकर्षक आहे आणि काही ठिकाणी खरेही आहे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयातच जठराच्या कर्करोगाने मृत्यू होत असत. या कुटुंबाच्या सहभागानेच पॅरी गिल्फर्ड व सहकाऱ्यांनी कारण शोधले आणि १९९८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले : सोळाव्या गुणसूत्रावरील ई-कॅडहेरिनच्या जनुकातील आनुवंशिक उत्परिवर्तन. या रोगात बहुधा गाठ होत नाही. पेशी एकेकट्या जठराच्या भित्तिकेत पसरतात, त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीतही त्या सहज निसटतात. म्हणून सदोष जनुक असलेल्यांपुढे निरोगी दिसणारे जठर काढून टाकण्याचा कठीण पर्याय ठेवला जातो. आईवडिलांपैकी एकाकडे असे जनुक असेल, तर प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते; ज्याला ते मिळाले नाही त्याची या टांगत्या तलवारीतून सुटका होते.

पण डिंकाच्या हिशेबाने पाहू. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक जन्मतःच निकामी, म्हणजे डिंक निम्मा. मग असा माणूस जन्मापासून सैल का नसतो? तो तर इतरांसारखाच वाढतो, कारण उरलेली एक प्रत पुरते. एखाद्या पेशीत तीही बंद पडली, तरच रोगाची सुरुवात होते. स्तनाच्या ‘लोब्युलर’ कर्करोगातही हे प्रथिन बहुधा नाहीसे झालेले असते आणि पेशी एका ओळीत पुढे सरकताना दिसतात. स्तनाच्या अधिक आढळणाऱ्या नलिकाजन्य कर्करोगात मात्र ते सहसा शाबूत असते, आणि तरीही रोग पसरतो!

मग ते तिथे काय करते? २०१९ साली वीणा पद्मनाभन, अँड्र्यू इवाल्ड आणि सहकाऱ्यांनी या प्रकारच्या कर्करोगाच्या उंदरांतील व प्रयोगशाळेतील प्रतिकृतींत ई-कॅडहेरिन काढून टाकले. पेशी आजूबाजूला अधिक घुसल्या, हे अपेक्षेप्रमाणेच झाले. पण दूरच्या अवयवांत त्यांच्या वसाहती फार कमी झाल्या, कारण एकट्या पडलेल्या पेशी ऑक्सिडीकरणाच्या ताणाने मरत होत्या. जे प्रथिन घुसखोरी रोखते, तेच दूर गेलेल्या पेशींना जगवते. डिंकाच्या उपमेत याला जागाच नाही.

यावर कोणी म्हणेल, आठवीच्या मुलांना एवढे कशाला? मान्य. २०१९ चा प्रयोग त्यांना सांगू नये. पण ‘डिंक’ऐवजी ‘हात’ म्हणायला जादा तासिका लागत नाही. वर्गातली मुले एकमेकांचे हात धरून उभी करावीत आणि एकाला हात सोडायला सांगावे. भिंतीच्या चित्रापेक्षा अधिक काही दिसेल. ही उपमाही निर्दोष नाही. हात धरणाऱ्याला इच्छा असते, प्रथिनाला नसते, आणि मुले हे चटकन विसरतात. शिवाय एक प्रश्न ती सोडवत नाही : हे प्रथिन त्वचेतही आहे आणि आतड्यातही, मग सदोष जनुक वारशाने मिळालेल्यांत धोका मुख्यतः जठराला आणि स्त्रियांत स्तनालाच का? एखाद्या विद्यार्थिनीने हे विचारलेच, तर याचे समाधानकारक उत्तर संशोधकांनाही अजून मिळालेले नाही, असे तिला बेलाशक सांगावे.