‘विठ्ठल’ नामाची व्युत्पत्ती आणि अर्थ : एक चिकित्सा

पंढरपूरच्या दैवताचा अभ्यास करताना त्याच्या नामाचा प्रश्न टाळता येत नाही. संध्येतील केशवादी चोवीस नामांत ‘विठ्ठल’ हे नाम आढळत नाही. त्यामुळे त्याचे मूळ शोधण्याचे प्रयत्न अभ्यासकांनी सातत्याने केले. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांच्या मर्यादेचा विचार केला आहे.

डॉ. रा. गो. भांडारकर यांनी ‘विष्णु’ या शब्दाच्या कानडी रूपातून ‘विठ्ठल’ची उपपत्ती मांडली. होयसळ राजा बिट्टिदेव विष्णुवर्धन या नावाने ओळखला जातो, हे उदाहरण तिला पूरक ठरते. ‘पांडुरंग’ म्हणजे शुभ्रवर्णी. मूर्ती मात्र काळी आहे. पंढरपूरच्या ‘पंडरगे’ या जुन्या कानडी नावाचे ते संस्कृतीकरण मानल्यास ही विसंगती दूर होते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात गवळी-धनगरांच्या लोकदैवताच्या वैष्णवीकरणाची साक्षेपी मांडणी केली. पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेव हे दैवतयुग्म या संदर्भात लक्षणीय आहे.

तथापि मूळ सापडले म्हणजे अर्थ सापडला, असे नव्हे. परंपरेने ‘विठ्ठल’ या नामाची फोड ‘ज्ञानशून्यांचा स्वीकार करणारा’ अशीही केली आहे. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही. परंतु भक्तांची देवाविषयीची अपेक्षा तिच्यातून स्पष्ट होते. ‘विठोबा’मध्ये पिता आणि ‘विठाई’मध्ये माता पाहणारी वारकऱ्यांची भाषाही हाच अर्थ घडवते. तो शब्दाच्या मुळात नव्हे, तर उच्चारणाऱ्यांच्या जीवनात आहे.

या अर्थाची खरी परीक्षा मंदिराच्या दाराशी झाली. संत चोखामेळा यांच्या मुखी नाम होते, मंदिरप्रवेश नव्हता. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे. अस्पृश्यांना हे मंदिर खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. सर्वांचा स्वीकार हा नामाचा अर्थ संतांनी शतकांपूर्वी सांगितला होता. व्यवस्थेने तो मान्य करण्यास विसावे शतक उजाडावे लागले.

सारांश, विठ्ठल मूळचा कानडी की मराठी, शैव की वैष्णव, एवढ्यावरच चर्चा थांबल्यास नाम हे मालकी सांगण्याचे साधन बनते. नाम कोठून आले याबरोबरच ते कोणी घेतले आणि नाम घेणाऱ्यांपैकी कोणाला दाराबाहेर ठेवले, हेही अभ्यासाचे प्रश्न मानले पाहिजेत.