लोणारच्या जिवाणूंवरील प्रयोग आणि प्रतिसाद-पृष्ठ पद्धती : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. तेथील अल्कप्रिय जिवाणूंपासून प्रोटिएजसारखी विकरे मिळविण्याचे प्रयोग अनेक प्रयोगशाळांतून झाले आहेत. संवर्धन माध्यमातील घटकांचे प्रमाण ठरविण्यासाठी अशा संशोधनात बॉक्स व विल्सन यांनी १९५१ मध्ये मांडलेली प्रतिसाद-पृष्ठ पद्धती वापरली जाते. प्रस्तुत लेखात या वापराची संख्याशास्त्रीय चिकित्सा केली आहे.

पद्धतीचे सामर्थ्य :
एका वेळी एकच घटक बदलल्यास घटकांमधील आंतरक्रिया दृष्टीआड राहते. तीन घटकांच्या प्रत्येकी तीन पातळ्या पूर्णपणे तपासण्यास २७ प्रयोग लागतात. बॉक्स-बेन्केन आराखड्यात (१९६०) मध्यबिंदूच्या तीन पुनरावृत्ती धरून १५ प्रयोग पुरतात. मर्यादित साधनांच्या महाविद्यालयास ही बचत मोलाची आहे.

मर्यादा :
तथापि या बचतीची किंमत मोजावी लागते. तीन घटकांच्या द्विघाती समीकरणात १० सहगुणक असतात. १५ निरीक्षणांतून ते काढल्यावर ५ स्वातंत्र्यमात्रा उरतात. त्यांपैकी २ शुद्ध त्रुटीच्या व ३ 'लॅक ऑफ फिट' चाचणीच्या. घटकांचा विकरनिर्मितीवर मुळीच परिणाम नसला, तरी अशा मांडणीत आर-वर्गाचे अपेक्षित मूल्य ९/१४, म्हणजे सुमारे ०.६४ येते. म्हणून केवळ मोठा आर-वर्ग हा समीकरणाच्या योग्यतेचा पुरावा ठरत नाही.

दुसरा आक्षेप अल्कप्रिय जिवाणूंच्या माध्यमाशी निगडित आहे. सोडियम कार्बोनेट वाढविले की माध्यमाचा सामूही वाढतो. हे दोन्ही स्वतंत्र घटक म्हणून आराखड्यात घेतल्यास कागदावरील पातळ्या चंचुपात्रात तशा राहत नाहीत. आम्ल वा अल्क घालून सामू पुन्हा जुळविला, तर माध्यमाची रासायनिक घडणच बदलते. त्यातच ग्लुकोजपासून जिवाणूंनी आम्ल तयार केल्यास संवर्धनकाळात सामू घसरतो. मग सहगुणक नेमका कशाचा परिणाम दर्शवितो, हे सांगता येत नाही. संगणकप्रणाली ही अडचण ओळखत नाही. ती संशोधकानेच ओळखावी लागते.

निष्कर्ष :
प्रतिसाद-पृष्ठाचा रंगीत आलेख हा संशोधनाचा शेवट नव्हे. घटकांची निवड रसायनशास्त्राच्या कसोटीवर व्हावी, प्रयोगांचा क्रम यादृच्छिक असावा, 'लॅक ऑफ फिट' चाचणी नोंदवावी आणि समीकरणाने सुचविलेल्या इष्टतम बिंदूवर स्वतंत्र पडताळणी प्रयोग करावेत. प्रबंध तपासताना मार्गदर्शक व परीक्षक यांनी आर-वर्गाआधी या पडताळणीची विचारणा करणे अगत्याचे आहे.