गालावर जांभळं, कपाळावर नारिंगी

बिसा बटलर यांच्या चित्रांतल्या माणसांच्या गालावर जांभळं कापड असतं, कपाळावर नारिंगी, नाकाच्या कडेला निळं. ही बहुतेक कृष्णवर्णीय अमेरिकी माणसं, पण त्वचेसाठी सरळ तपकिरी कापड घ्यायचा सोपा मार्ग बटलर टाळतात. तरी चेहरा खरा वाटतो आणि नजर थेट आपल्यावर रोखलेली असते. कुंचला कुठेच नाही. गोधडीसारखे थर आणि त्यांतून फिरलेली मशीनची शिलाई, एवढंच.

कापडी व्यक्तिचित्राला आज जे दिवस आले आहेत, त्यांत बटलर यांचा वाटा मोठा. 2020 मध्ये शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं. वाट अर्थात आधीची. फेथ रिंगगोल्ड यांनी 1983 मध्ये ‘हूज अफ्रेड ऑफ आंट जेमायमा?’ ही गोष्ट सांगणारी गोधडी केली, पण तिच्यातले चेहरे ॲक्रिलिकने रंगवलेले; कापड आलं ते त्यांच्या भोवती. बटलर यांनी कापड चेहऱ्यावरच आणलं. माझ्या मते खरी उडी ही.

त्यांची सुरुवात बहुधा जुन्या कृष्णधवल फोटोपासून होते. 1941 च्या ईस्टरला रसेल ली यांनी शिकागोत मोटारीवर बसलेल्या पाच नटलेल्या मुलांचा फोटो काढला होता. ‘साउथसाइड संडे मॉर्निंग’ (2018) हे चित्र त्यावरून केलेलं. फोटो मोठा करायचा, उजेड-सावलीच्या हद्दी आखायच्या आणि मग कापडं निवडायची. सावलीच्या जागी जाळी किंवा शिफॉन अंथरलं की खालचा रंग मरत नाही, नुसता दबतो. तैलरंगात हे साधायला हात बसावा लागतो. इथे गाठोड्यातला नेमका तुकडा सापडावा लागतो.

कपड्यांसाठी त्या पश्चिम आफ्रिकेतलं लाडकं वॅक्स प्रिंट वापरतात. तिकडे नक्षींना नावं असतात, अर्थ असतात. उडत्या पाकोळ्यांची नक्षी घानात पैसा कसा भुर्रकन उडून जातो ते सांगते. म्हणजे कोट अंगात घालणाऱ्याबद्दल कोटच काहीतरी बोलून जातो. गंमत अशी, की हे ‘आफ्रिकी’ कापड म्हणजे मुळात जावाच्या बाटिकची युरोपी नक्कल. ते छापणारी नेदरलँड्समधल्या हेल्मंडची व्लिस्को ही कंपनी 1846 पासूनची. बटलर यांच्या चित्रांत हा गुंता आपसूक शिवला जातो.

तक्रार आहे ती त्यांच्या वाटेने निघालेल्यांबद्दल. संगणकावर फोटोच्या चार-पाच छटा पाडायच्या, छटेबरहुकूम कापड कातरायचं आणि इस्त्रीने चिकटवायचं. साम्य हुबेहूब येतं आणि तेवढंच येतं. कापडाऐवजी घोटीव कागद लावला असता तरी काही बिघडलं नसतं. खुद्द बटलर यांच्याही मोठ्या समूहचित्रांत कधीकधी नक्षीचा दिमाख चेहऱ्यांवर कुरघोडी करतो, हेही सांगायला हवं.

अशा वेळी मला अलाबामातल्या गीज बेंडची एक गोधडी आठवते. नवरा गेल्यावर 1942 मध्ये मिसूरी पेटवे यांनी त्याचे कामावरचे कपडे फाडून ती शिवली, त्याची आठवण पांघरून झोपता यावं म्हणून. तीत चेहरा नाही, नक्षी नाही. विटका निळा, करडा, मातकट. विजारीच्या पायांच्या पट्ट्यांवर गुडघ्यांशी झिजलेली जागा अजून दिसते.