हिशेब कोणी, कोणाला?

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची लोकांना ओळख झाली ती ‘मागेल त्याला काम’ या तीन शब्दांनी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या या योजनेला १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे अधिष्ठान दिले. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. व्याकरणदृष्ट्या पाहता या घोषणेत मागणारा आहे, तोच संप्रदान आहे, मागितलेली वस्तूही आहे. देणारा मात्र नाही. क्रियापदही अध्याहृत आहे. घोषणेला हा संक्षेप शोभून दिसतो. परंतु ‘काम उपलब्ध करून देण्यात येईल’, ‘मजुरी अदा करण्यात यावी’ या धर्तीच्या वाक्यांतूनही देणारा गळतो, आणि तो शासकीय मराठीचा केवळ शैलीदोष म्हणून हसण्यावारी नेला जातो, हे योग्य नव्हे. मजुरी थकल्यास मजुराने विचारावे कोणास, याचे उत्तर त्या वाक्यात नसतेच.

लुप्त कर्ता शोधून काढण्याची एक रीत राजस्थानातील मजुरांनी घालून दिली. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे पहिली जनसुनवाई भरविली. रीत साधीच होती. हजेरीपट, म्हणजे मजुरांच्या तोंडचे ‘मस्टर’, आणि कामांची देयके जमलेल्या गावासमोर मोठ्याने वाचावयाची, व ज्यांची नावे त्यांत आली त्यांनी खरेखोटे सांगावयाचे. अशा सुनवायांतून कामावर न गेलेल्यांची नावे पटावर निघाली. कागदावर पुरी झालेली बांधकामे जागेवर अपुरी आढळली. एरवी हजेरीपटाचा वाचक वरचे कार्यालय एवढाच असतो. तो चव्हाट्यावर वाचला जाताच त्याचा श्रोता बदलला, आणि हा श्रोता उलट उत्तर देऊ शकत होता. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ या त्या चळवळीच्या घोषणेतही क्रियापद नाही. तथापि दोनदा आलेल्या षष्ठीने हिशेब घेणारा निश्चित होतो, आणि ज्याच्या हाती पैसा तो आपोआप देणारा ठरतो.

२००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या सतराव्या कलमात ग्रामसभा स्पष्टपणे कर्त्याच्या स्थानी होती : तपासणी तिने करावयाची, पंचायतीने हजेरीपट व देयके तिच्यापुढे ठेवावयाची. २०११ च्या नियमांनी या कामी साहाय्य करणारी स्वतंत्र यंत्रणा नेमली, आणि सभेच्या किमान पंधरा दिवस आधी कागदपत्रे त्या यंत्रणेच्या हाती पडावीत असे ठरविले. मोजमापाची नोंदवही उलगडण्यास जाणकार लागतो, हे खरेच. पण मराठीत या व्यवहारास ‘सामाजिक अंकेक्षण’ हे नाव पडले, आणि त्याबरोबर कारकसंबंधही बदलला. हिशेब कोणी तरी कोणाला तरी देतो. अंकेक्षण नुसते ‘केले’ जाते. त्यास कर्ता व कर्म पुरेसे होतात, संप्रदान लागत नाही. ग्रामसभा मग अहवालाची श्रोती तेवढी उरते.

अहवाल स्थानिक भाषेत असावा, अशीही त्या नियमांची अट होती. मेळघाटातील कोरकूभाषक वा गडचिरोलीतील गोंडीभाषक गावी ‘स्थानिक’ म्हणजे मराठी, तीही ‘विचलन’ आणि ‘वसूलपात्र रक्कम’ या वळणाची, असा अर्थ घेतल्यास अट कागदावर पाळली जाते एवढेच. हजेरीपटात नावे, दिवस आणि रुपये यांखेरीज फारसे काही नसते. त्याचे भाषांतर जवळजवळ करावेच लागत नाही. तो वाचावा मात्र लागतो, आणि तोही कामावर जाणारे सभेस येऊ शकतील अशा वेळी.